बॉल आणायला

पूर्णा जंक्शनला, लोको शेडच्या मागं, एक मैदान आहे.
मीटर गेज उखडली त्या वर्षी
व्यंकटस्वामी फिटरनं साहेबाच्या हातापाया पडून
रुळाचे दोन तुकडे मागून घेतले, रोवले,
वर पाण्याचा जुना पाइप टाकला.
बॉल खांबाला लागला की
फाटक पडताना वाजते तशी घंटा वाजते,
आणि अजूनही एखादा म्हातारा सायकलवरून उतरतो.

त्या दोन रुळांमध्ये मी उभा राहिलो
कारण मला पळायचा कंटाळा होता.
हे मुलाखतीत सांगायचं नसतं म्हणे.
मुलाखत कुणी घेतलीही नाही.

"खाली मुरूम हाय, पडू नको," आई म्हणायची.
"खाली मुरूम आहे, नीट पड," व्यंकटस्वामी म्हणायचा.
मी दोघांचंही ऐकलं नाही.
डाव्या कोपरात अजून एक लाल खडा आहे, कातडीच्या आत,
थंडीत दुखतो.

मग गोवा. मग कोलकाता. एक वर्ष शिलाँग,
तिथं हातमोज्यांच्या आत हातमोजे.
अकरा हंगाम.
करारात लिहिलेलं असायचं, गोलकीपर.
कुठंच लिहिलेलं नसायचं, दुसरा.

दुसऱ्याचं काम सांगतो.
सामन्याआधी अर्धा तास पहिल्याला बॉल मारायचे,
अवघड जातील असे, पण लागणार नाहीत असे.
त्याचं अंग तापवून द्यायचं.
मग जाकीट चढवून बाकावर बसायचं
आणि त्याचं भलं चिंतायचं. मनापासून.
मनापासून म्हणजे दहातले सात दिवस.

तेवीस सामने खेळलो सगळे मिळून.
त्यातला एक मडगावचा.
पाऊस नव्हता, डोळ्यांवर ऊन नव्हतं, सांगायला काहीच नव्हतं.
लहान पोरानं ढकलावा तसा बॉल आला
आणि माझ्या दोन हातांमधून गेला,
ओळखीचा माणूस न बघता निघून जातो तसा.
अडवलेले पुष्कळ आहेत. चांगले आहेत.
ते झोपू देतात.
हा एक मात्र रात्री अडीचच्या मालगाडीबरोबर येतो.

गावानं मला टीव्हीवर एकदाच पाहिलं.
कॅमेरा बाकावरून सरकला, मी मोसंबी सोलत होतो.
"जालन्याची होती ती, मीच धाडली होती,"
आई अजून शेजारणींना सांगते.
मोसंबी कोलकात्याच्या बाजारातली होती.
असू दे.

परवा बँकेत मशीनवर बोट ठेवलं.
"सरळ ठेवा," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.
"एवढंच सरळ होतं," मी म्हणालो.
मग दुसरं. मग तिसरं.
शेवटी उजव्या अंगठ्यानं कबूल केलं
की मी तथागत खिल्लारे आहे.
बाकीची नऊ काही बोलेनात.
"काय करत होता हातांनी, काका?"
"अडवत होतो."
"काय?"
मागं रांग होती.

संध्याकाळी तेरा पोरं येतात, कधी नऊ.
गोलात आफरीन असते,
भावाचे वेल्डिंगचे हातमोजे घालून.
कोन कसा झाकायचा, पाऊल आधी कुठलं,
पडताना श्वास कुठं ठेवायचा,
येतं तेवढं सगळं सांगतो.
नेट नाही. गोल झाला की बॉल थेट बाभळीत.

"सर, मारला यानं, अन् आणू मी?"

याचं उत्तर व्यंकटस्वामीनंही दिलं नव्हतं.
शेडकडं बघून बिडी पेटवली होती.
मी बिडी ओढत नाही. मी नुसता शेडकडं बघतो.

ती जाते.
वाकून, ओढणी सावरत, काटे बाजूला करत.
इकडं ज्यानं मारला तो, ज्यांनी ओरडा केला ते,
सगळे कमरेवर हात ठेवून उभे.
बॉलशिवाय त्यांना काही करता येत नाही.

ती घाई करत नाही.
बघून बरं वाटतं.